तीन दिवसांचा पेशंट: हिंगणघाट, वडनेर, देवळी

"तीन दिवस. एकही भांडण नाई. जमलं, तर तुले जे बोलायचं आहे ते मी पूर्ण ऐकून घेईन."

प्राजक्ता असं म्हणाली आणि मी ते वाक्य तिथल्या तिथे मोबाईलमध्ये टाईप करून ठेवलं. नंतर तिनं शब्द फिरवायला नको.

थोडं मागचं सांगतो. माझं डोकं लवकर तापतं, हे आमच्या हिंगणघाटात गल्लीतल्या कुत्र्यांनाही माहीत आहे. नागपूरचं इंजिनियरिंग मी दुसऱ्या वर्षात सोडलं, होस्टेलच्या वॉर्डनशी भांडून. भांडण वरण किती पातळ असावं यावर होतं. तेव्हापासून बाबांच्या पाईप-फिटिंगच्या आणि पत्र्यांच्या दुकानात बसतो आणि बाबा माझ्याशी फक्त इंचांत बोलतात. "पाऊण इंची एल्बो दे." बस.

प्राजक्ता बारावीपर्यंत माझ्या वर्गात होती. नर्सिंग पूर्ण करून ती आता गावोगावी प्रथमोपचार शिकवत फिरते. सोबत कुंदाताई असतात. त्या रिटायर्ड नर्स, आवाज एसटीच्या हॉर्नसारखा. त्यांना या फेरीसाठी एक पेशंट हवा होता. खोटा.

"रबराच्या बाहुलीवर शिकवलं की गावात लोकं हसत राह्यतात," कुंदाताई म्हणाल्या. "जित्ता माणूस पाह्यजे. मार खाणारा."

मी हात वर केला. बाबांना सांगितलं तर ते पावती फाडता फाडता म्हणाले, "कॉलेज झालं, आता पेशंट." माझ्याशी इंचांशिवाय बोललेलं कित्येक महिन्यांतलं ते पहिलं वाक्य. मी तेवढ्यावरही खूश झालो. तसाही त्या आठवड्यात मी कशावरही खूश होत होतो.

पहिला दिवस: वडनेर

सकाळी आठला निघालो. त्या दोघी एसटीत पत्र्याची ट्रंक घेऊन, आणि मी बाईकवर, एसटीच्या मागे. कुंदाताईंचा नियम: "पोरगी बसमध्ये, पोट्टा गाडीवर." मागच्या काचेतून प्राजक्ताची वेणी दिसत होती, त्यामुळे हायवे कसा आहे ते मला विचारू नका. चांगला असावा. एवढंच सांगतो की ट्रकच्या मागे चिकटून चालवू नका, आणि गावात वळताना आधी नीट थांबा, समोरून उलट दिशेनं येणारा कोणीतरी असतोच. त्या दिवशी एक आला, माझ्या आरशाला घासून गेला. एरवी मी गाडी वळवून त्याच्या घरापर्यंत गेलो असतो. त्या दिवशी मी त्याला हात हलवून टाटा केला. तो इतका घाबरला की पळाला.

स्टँडजवळच्या टपरीवर तर्री-पोहे खाल्ले. हरभऱ्याची लाल तर्री वरून दोनदा मागून घ्या, दुसऱ्यांदा पैसे घेत नाहीत.

शाळेच्या मैदानात साठ-सत्तर लोक जमले होते. पहिला आजार: मिरगी. मी सतरंजीवर पडलो आणि हातपाय झाडायला लागलो. सांगतो, मी चांगला झाडतो. एवढा चांगला की पुढच्या रांगेतले एक धोतरवाले काका उठले, पायातली चप्पल काढली आणि थेट माझ्या नाकावर दाबली.

ती चप्पल गोठ्यातून आलेली होती.

मी बेशुद्ध होतो. बेशुद्ध माणूस भांडत नाही. या एका नियमानं मला त्या दिवशी वाचवलं, पण त्या क्षणी माझ्या मुठी वळल्या होत्या आणि प्राजक्ता ते बघत होती.

"काका, चप्पल काढा," ती म्हणाली. "वासानं मिरगी थांबत नाई. तोंडात चमचा घालू नका, हातपाय धरून ठेवू नका. बाजूचे दगड, खुर्च्या दूर करा आणि घड्याळ पाहा. झटके थांबले की असं कुशीवर वळवा. पाच मिनिटांत थांबलं नाई तर एकशेआठले फोन लावा."

"मंग चप्पल कायले असते?" काका खरंच नाराज झाले होते.

"पायात घालाले," कुंदाताई म्हणाल्या, आणि मैदान हशानं फुटलं.

मग मला साप चावला. कोणी म्हणे दोरीनं करकचून बांधा, कोणी म्हणे ब्लेडनं चिरा. एका पोरानं खरोखर ब्लेड काढून दाखवलं. कुंदाताईंनी ते जप्त केलं. "चिरायचं नाई, चोखायचं नाई, आवळून बांधायचं नाई. माणसाले चालू देऊ नका, पाय लाकडाले बांधल्यासारखा स्थिर ठेवा, पैंजण-अंगठ्या काढा आणि सरळ दवाखाना."

मग माझा हात मोडला आणि प्राजक्तानं तो झोळीत बांधला. इथं या प्रवासातली माझी आवडती जागा आली. पट्टी बांधून झाल्यावर तिनं माझ्या अंगठ्याचं नख दाबलं आणि सोडलं.

"पाहा सगळे. दाबलं की नख पांढरं होते. सोडलं की दोन सेकंदांत गुलाबी झालं पाह्यजे. नाई झालं, तर पट्टी जास्त घट्ट. ढिली करा."

माझं अर्ध्या सेकंदात झालं.

"याचं रक्त भलतंच जोरात आहे," कुंदाताई म्हणाल्या. मी आकाशाकडे बघितलं.

दुसरा दिवस: अल्लीपूरकडचं एक गाव

आतला रस्ता. डांबर आहे, पण तुकड्यातुकड्यानं, आणि दोन्ही बाजूंनी फुटलेला कापूस. वेचणीचे दिवस असल्यानं बायका दुपारशिवाय मोकळ्या नव्हत्या, म्हणून आम्हीच शेताच्या धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, गेलो. तिथं झुणका, ज्वारीची भाकर आणि मिरचीचा ठेचा मिळाला. पैसे विचारले तर शिव्या मिळाल्या. जाताना तुम्ही निदान पेढे तरी न्या.

दुपारी त्यांच्यासोबत गावात परतलो. आजचा आजार: भाजणं. शाळेत खिचडी रांधणाऱ्या शोभाताई पुढे बसल्या होत्या. त्यांच्या हातावर जुने डाग होते.

"भाजलं की काय लावता?" प्राजक्तानं विचारलं.

"कोलगेट," शोभाताई.

"हळद." "शाई." "आलूचा किस." मागून आवाज आले.

"काहीच नाई. फक्त वाहतं साधं पाणी. वीस मिनिटं. बर्फ नाई. बांगड्या आधी काढायच्या, सुजल्यावर निघत नाई."

"वीस मिनिटं म्हणजे खरी वीस?" शोभाताईंनी कमरेचा मोबाईल काढला. "पाहू बरं. धर रे बाबू हात."

आणि मग मी गावच्या हापशीखाली हात धरून उभा राहिलो आणि बायका पाळीपाळीनं दांडा मारत राहिल्या. पाच मिनिटांनी बोटं थिजली. दहाव्या मिनिटाला चौकातली दोन पोरं येऊन म्हणाली, "काऊन बे हिरो, पोरीसाठी आंघोळ करून राह्यला का?"

माझ्या कानातून वाफ निघाली असणार. मी पोरांकडे बघितलं. मग प्राजक्ताकडे. ती माझ्याकडेच बघत होती, ओठ दाबून.

"हो भाऊ," मी म्हणालो. "तुम्हीपण दांडा मारा ना दोन मिनिटं. लय थंड आहे."

ती पोरं खरंच आली. त्यांनी चार-चार मिनिटं दांडा मारला. शोभाताईंचा अलार्म वाजला तेव्हा सगळ्या गावानं टाळ्या वाजवल्या, माझ्या हातासाठी. संध्याकाळी एसटीत चढताना प्राजक्ता म्हणाली, "एक दिवस राह्यला," आणि मी बाईकची किल्ली दोनदा पाडली.

तिसरा दिवस: देवळी

देवळीचं गाव बाजाराचं, सोयाबीनच्या पोत्यांचं. स्टँडसमोर सांबारवडी खा. सांबार म्हणजे आपली कोथिंबीर, ती तळलेल्या पापुद्र्यात ठासून भरलेली, वरून पातळ कढी. पन्नास-साठ रुपयांत दोघांचं होतं. मी चार खाल्ल्या, कारण आज बोलायचं होतं आणि रिकाम्या पोटी माझा आवाज चिरकतो.

मुलींच्या शाळेत माझं नाक फुटलं (लाल रंग, कुंदाताईंचा घरगुती). डोकं मागे नाही, पुढे झुकवायचं, नाकाचा मऊ भाग दहा मिनिटं चिमटीत धरायचा. प्राजक्तानं धरला. दहा मिनिटं. मला काहीही आठवत नाही.

चार वाजता आम्ही वर्धा रोडवरच्या फाट्यावर बसची वाट बघत उभे होतो. बस आली की प्राजक्ता जाणार, घरी पोचली की तीन दिवस संपणार. मी मनात पहिलं वाक्य जुळवत होतो.

समोरून एक बाईक येत होती. चालवणाऱ्याच्या मागे बसलेल्या माणसानं टिनाचा पत्रा आडवा धरला होता, गोठ्यावर टाकायला नेतात तसा. आपल्याकडे सगळे असाच नेतात. मीही दुकानातून असाच पोचवलेला आहे. मागून आलेल्या जीपनं ओव्हरटेक केलं, पत्र्याचा कोपरा जीपला लागला, पत्रा फिरला आणि तो माणूस खाली. मनगटाच्या वरपासून कोपराकडे हात चिरला गेला होता. रक्त नुसतं येत नव्हतं, वाहत होतं.

मी धावलो. पण जखमेकडे नाही. जीपच्या दाराकडे.

ड्रायव्हरला कॉलर धरून बाहेर ओढलं. वाळलेला, चाळिशीचा माणूस. "दिसत नाई का बे तुले?" पानठेल्यावरची पाच-सहा माणसं माझ्यामागे आलीच. "मारा याले!" कोणीतरी त्याची किल्ली काढून घेतली. तो दोन्ही हात डोक्यावर घेऊन खाली बसत चालला होता आणि मी त्याला वर ओढत होतो.

"वैभव!"

तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता.

"कॉलर सोड! हात दे इकडं!"

मी वळलो. प्राजक्ता रस्त्यावर गुडघ्यांवर होती. तिनं ट्रंकेतलं कापड जखमेवर दाबलं होतं, ते लाल झालं होतं. माणूस पांढराफटक पडून डोळे फिरवत होता. कुंदाताई फोनवर होत्या. "रुग्णवाहिका पुलगावकडं गेली म्हणते. अर्धा तास."

मी तिच्याजवळ बसलो. तिनं माझे तळहात जखमेवर ठेवले. "पूर्ण वजन टाक. कापड उचलून पाहायचं नाई. भिजलं तर वरून दुसरं. त्याचा हात वर धर." आणि ती त्याचे पाय ट्रंकेवर ठेवून त्याच्याशी बोलायला लागली. "नाव काय भाऊ? देवराव? देवरावभाऊ, डोळे माह्याकडं."

अर्धा तास नव्हता. एवढं मलाही कळत होतं. त्या फाट्यावर चार चाकांची एकच गाडी होती, आणि तिच्या ड्रायव्हरला लोक आता पानठेल्यामागे नेत होते. माझ्यामुळे.

हात सोडता येत नव्हते. मी बसल्या जागेवरून ओरडलो, "सोडा त्याले! किल्ली द्या त्याची! ओ भाऊ, चुकलं माह्यं! गाडी काढा, दवाखान्यात जायचं आहे!"

ड्रायव्हर जागेवरून हलेना. "तिथं मारसान ना मले?"

"नाई. तुमीच आणलं म्हणून सांगतो. माह्या आईची शपथ."

तो आला. कॉलरचं वरचं बटण तुटलेलं होतं.

जीपच्या मागच्या सीटवर देवरावभाऊ, त्यांच्या हातावर मी, डोक्याशी प्राजक्ता. कुंदाताई ट्रंक घेऊन देवरावभाऊंच्या बाईकवाल्यासोबत मागून येणार होत्या. देवळी ते वर्धा रस्ता छान आहे, असं बाकीचे ब्लॉग सांगतील. मला त्या रस्त्यावरचे फक्त खड्डे आठवतात, कारण प्रत्येक खड्ड्याला माझे हात निसटतील असं वाटत होतं. दुसरं कापड भिजलं, तिसऱ्यावर लाल ठिपका आला आणि तिथंच थांबला. मी त्या ठिपक्याकडे बघत राहिलो. वाढत नव्हता.

मध्येच देवरावभाऊंनी डोळे उघडले. "पत्रा राह्यला तिकडं."

"राहू द्या भाऊ."

"नवा होता ना. कोणी उचलून नेईन."

"मी आणून देतो तुमचा पत्रा, बाप्पा!" ड्रायव्हर पुढून रडत ओरडला. "घरपोच देतो! तुमी फक्त जागे राहा!"

आणि काय सांगू, आम्ही तिघंही हसलो. देवरावभाऊसुद्धा, थोडेसे.

दवाखान्यात नर्स म्हणाली, "आता सोडा." मी सोडलं. पण बोटं उघडेनात. ती तशीच वाकून राहिली होती. डॉक्टर आत गेले, पडदा ओढला गेला, आणि बऱ्याच वेळानं बाहेर निरोप आला की टाके पडताहेत, हात वाचतो, माणूस चहा मागतोय.

मी बेसिनवर हात धूत होतो. प्राजक्ता बाजूला येऊन उभी राहिली.

"हरला तू."

"माहीत आहे."

"तू त्याची कॉलर धरून होता तेव्हा मी एकटी होती, वैभव. दोन हात पुरत नव्हते."

तीन दिवस जुळवलेलं वाक्य माझ्याकडे होतं, पण मी "चुकलं" एवढंच म्हणालो. तिनं नळ बंद केला, माझा ओला हात हातात घेतला आणि अंगठ्याचं नख दाबून सोडलं. पट्टी नव्हती, बघणारं गाव नव्हतं. नख पांढरं झालं आणि पांढरंच राहिलं. तिनं पुन्हा दाबलं, सोडलं. हळूहळू कडेनं गुलाबी सरकत आलं.

"आला रंग," ती म्हणाली, आणि हात लगेच सोडला नाही. "पुढच्या महिन्यात आर्वीकडं जायचं आहे. तीन दिवस. पहिल्यापासून मोजायचे."

"पुन्हा पेशंट?"

"नाई. पेशंट दुसरा पाहू. तू पट्टी बांधाले येजो."

परत घरी

जीपवाल्यानं दुसऱ्या दिवशी पत्रा खरंच पोचवला, जीपच्या टपावर दोरीनं घट्ट बांधून. देवरावभाऊंनी फोटो पाठवला. मी आता दुकानातून पत्रा बाईकवर जाऊ देत नाही. गिऱ्हाईक भांडतं, मी भांडत नाही. हातगाडी बोलावतो.

या बाजूला आलात तर नोव्हेंबरात या, कापूस फुटलेला असताना. गाडीच्या डिकीत धुतलेली सुती कापडं ठेवा, तीन तरी. दोन पुरत नाहीत.

आणि सराव करा. मी रोज करतो. घरी मोकळा हात एकच आहे, तो टीव्हीसमोर असतो. काल बाबांचा हात मांडीवर घेऊन मी मनगटापासून कोपरापर्यंत पट्टी गुंडाळली. त्यांनी हात काढून घेतला नाही. बातम्या बघत राहिले. मी त्यांच्या अंगठ्याचं नख दाबलं. वर्षानुवर्षं पाईपांना आटे पाडून जाड झालेलं, पिवळट नख.

"हे काऊन?" त्यांनी विचारलं.

"रंग परत येतो का ते पाहायचं असते."

ते टीव्ही सोडून नखाकडे बघायला लागले. आम्ही दोघंही बघत होतो.

"आला," बाबा म्हणाले. आणि दुसरा हात पुढे केला.