राजपुत्राचं मढं आणि आमची चूल

आमच्या धर्मापुरीत एकदा समुद्रापलीकडच्या एका राजपुत्रासाठी गावभर चुली बंद राहिल्या होत्या. राजपुत्र आमच्या भाऊबंदांतला नव्हता, सोयऱ्याधायऱ्यांतला नव्हता, आणि त्याला मरून (जाणकार सांगतात त्याप्रमाणे) तीन हजार वर्षं झाली होती. तरी चुली बंद राहिल्या आणि त्यापायी माझ्या धाकट्या बहिणीची, गोदीची, जमलेली सोयरीक मोडायची वेळ आली. हे सगळं मी एकट्यानं केलं, तेही नुसतं वाचून.

निजामाचं राज्य. शाळा उर्दूत, कचेरी उर्दूत, मराठी पुस्तक दिसलं की माणसं हात लावून बघायची. मी औरंगाबादेला थोडंफार शिकून आलो होतो आणि येताना ग्रीक लोकांच्या जुन्या महाकाव्याचा पहिला भाग घेऊन आलो होतो. पुण्याच्या कोणा निवृत्त मास्तरांनी तो इंग्रजीवरून मराठीत उतरवला होता. दुसरा भाग अजून छापायचा होता. पुस्तक बगलेत धरून मी गावात हिंडायचो आणि विचारलं नाही तरी सांगायचो.

माझ्या या सांगण्यानं गोदीची दोन स्थळं आधीच गेली होती. पहिल्या वेळी मी मुलाच्या आजोबांना पृथ्वी फिरते हे समजावून दिलं. आजोबांना पाटावरच घेरी आली. दुसऱ्या वेळी मी नवऱ्या मुलाचं उर्दू सुधारलं. वडील आम्ही लहान असतानाच गेलेले, त्यामुळे घरात बोलणार ती माय. तिसरं स्थळ सिरसाळ्याहून आलं तेव्हा माय म्हणाली, "दत्त्या, पाव्हणे सुपारी फोडून जाईस्तोवर तू तोंड उघडायचं न्हाई. जांभईला सुदिक न्हाई."

मी कबूल झालो. पण तुळशीचं लग्न लागलं, देवळात पोथी लावायची वेळ आली आणि भटजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. किसनआप्पा देवळातले कारभारी. ते मला म्हणाले, "तूच वाच बे काही. तसाबी बोलतच असतूस."

मी लाल फडक्यात ग्रीक बांधले, वर हळदकुंकू वाहिलं आणि सुरू केलं.

गावाला पोथी फार आवडली. परकी नावं कोणाच्या जिभेवर बसेनात, म्हणून लोकांनीच बारसं केलं. वेढा घालून बसलेल्यांचा सगळ्यांत मोठा वीर, जो मान मिळाला नाही म्हणून रुसून राहुटीत जाऊन बसतो, तो झाला 'रुसके पाटील'. त्याचं रुसणं कोणालाच चूक वाटलं नाही. "मानपान न्हाई म्हनल्यावर बसनारच की," आप्पा म्हणाले, "मी भाच्याच्या लग्नात दोन दिस बसलतो." वेढ्यातल्या शहराचा राजा झाला 'म्हातारबा' आणि त्याचा शूर लेक झाला 'थोरला'. थोरल्यावर सगळ्या गावाचा जीव जडला. बाया घरून निघताना त्याच्या नावानं चिमूटभर साखर घेऊन यायच्या.

आमच्या भटजींची एक रीत होती. पोथीत कोणी मेलं, की त्याला अग्नी मिळेपर्यंत पोथी गुंडाळायची नाही, कितीही उशीर होवो. मला ती माहीत होती. पण ती आपल्या माणसांपुरती असावी असा माझा समज होता.

पाहुणे यायच्या आदल्या संध्याकाळी रुसके पाटील उठले, त्यांनी थोरल्याला मारलं, त्याचे पाय रथाला बांधले आणि म्हाताऱ्या आईबापाच्या देखत त्याला मातीतून फरफटत नेलं. वाचताना मलाच रडू आलं. तिथंच पहिला भाग संपला. मी डोळे पुसून पोथी गुंडाळली.

कोणी उठलं नाही.

"फुडं?" किसनआप्पा म्हणाले.

"पुढं दुसरा भाग. अजून छापायचा हाय."

"आन् मढं?"

"कुठलं मढं?"

"थोरल्याचं."

"ते... हाय तिथंच हाय."

मग आप्पांनी निकाल दिला, "गावात मढं पडल्यालं असताना चूल पेटत न्हाई."

"आप्पा, ते गावात कुठं हाय? समुद्रापल्याड हाय."

"पोथी गावात हाय का न्हाई? मढं पोथीत हाय का न्हाई?"

यावर औरंगाबादेत काही शिकवलेलं नव्हतं.

सकाळी उठून पाहिलं तर एकाही घरावर धूर नाही. आमच्या घरी हरभऱ्याची डाळ भिजून टपोरी झालेली आणि माय थंड चुलीपुढं बसलेली.

"माय, पाव्हणे येतील. पुरन शिजाया टाक."

"आदी त्या लेकराला अग्नी दे."

"अगं, त्याला मरून तीन हजार वर्षं झाली."

मायनं हातातली परात खाली ठेवली. "म्हंजी तीन हजार वर्षं तसंच पडलंय?"

"ते खोटं असतंय, माय. कुना कवीनं रचल्यालं."

"मंग काल रडलास कावून?"

मी बाहेर आलो. तेवढ्यात घुंगरमाळा वाजल्या आणि सिरसाळ्याच्या बैलगाड्या दारात उभ्या राहिल्या. व्याही यादवराव उतरले. मोठा पटका, मोठ्या मिशा आणि बोलणं अगदी कमी. त्यांनी नाक वर करून वास घेतला. पुरणाचा वास नाही, फोडणीचा नाही, काही नाही.

"गावात कुनाचं झालंय का?" त्यांनी विचारलं.

मी कबूल केल्याप्रमाणे तोंड मिटून होतो. किसनआप्पांनी मात्र काही कबूल केलेलं नव्हतं. "झालंय," ते म्हणाले, "पर आपल्यातलं न्हाई. ह्येच्या पोथीतलं हाय. ह्येनं मारलंय आन् उगडं टाकलंय."

यादवरावांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि गाडीवाल्याला म्हणाले, "बैल सोडू नका."

दाराआड गोदी नवं लुगडं नेसून उभी होती. ती रडली नाही, मला बोललीही नाही. दोन्ही मोडलेल्या स्थळांच्या वेळी तिनं मला मनसोक्त शिव्या दिल्या होत्या. या वेळी मला पहिल्यांदा खरोखर भीती वाटली.

"पोथी संपली न्हाई," मी ओरडलो. "शेवटचं पान ऱ्हायलंय. चला देवळात!"

शेवटचं पान होतंच. त्यावर दंतमंजनाची जाहिरात होती.

सगळा गाव आणि सगळे पाहुणे देवळात बसले. मी जाहिरात उघडली आणि मनानं वाचू लागलो. शेजारी बसलेल्या आप्पांनी पानात डोकावून विचारलं, "ह्यो दात काढून हासतोय, त्यो कोन?"

"रुसके पाटील," मी म्हणालो. सगळ्यांनी त्यांना शिव्या दिल्या.

प्रथम मी पाटलांना पश्चात्ताप दिला आणि त्यांच्या हातून मढं परत पाठवलं. यादवराव बसल्या जागेवरून म्हणाले, "एवढा रागाचा मानूस आपुन हून पाठवील? जमत न्हाई." पाहुण्यांनी माना हलवल्या. मग मी घाईघाईनं थोरल्याचे तीन भाऊ तलवारी देऊन मढं आणायला पाठवले. पाठवले, पण रुसके पाटील पुढं उभे, आणि ते किती शूर आहेत हे मीच इतके दिवस घसा फोडून सांगितलेलं. काही केल्या ते हरेनात! माझ्या डोळ्यांदेखत तिन्ही भाऊ पडले.

"आता मढी चार झाली," किसनआप्पा म्हणाले.

दुपार कलली. सकाळपासून पोरं शिळ्या भाकरीवर होती आणि मी जितकं वाचत होतो तितकी चूल लांब जात होती. यादवराव उठले. पटका सारखा करत वैतागून म्हणाले, "आवो, कुठला कोन परका. त्याच्या मढ्यापाई घरात सुपारी आसताना चूल बंद? कावून?"

बायांच्या बाजूनं मायचा आवाज आला. पदर पुढं ओढून ती म्हणाली, "माजे मालक हैदराबादेला गेलते, तिथंच वारले. आमी पोचायच्या आत तिथल्या कुना परक्यानं अग्नी दिला. अग्नी देऊस्तोवर त्या मानसाच्या घरात चूल पेटली नसंल, आसं मला आजून वाटतंय. म्हनून बंद ठिवली."

मायनं हे मला कधी सांगितलं नव्हतं. माझ्या हातातलं दंतमंजन मला दिसेना.

यादवराव पुन्हा खाली बसले. त्यांनी मला विचारलं, "त्या पोराचा बाप जिता हाय का?"

"हाय. म्हातारबा."

"मंग पोरं कशाला पाठीवता? बापाला पाठवा. बाप पाय धरील. मारनाऱ्याचे बी धरील. मी धरले आसते."

मी म्हातारबाला गाडीत बसवलं. तो एकटा शत्रूच्या राहुटीत गेला आणि ज्या हातांनी आपला लेक मारला ते हात त्यानं धरले. रुसक्या पाटलांना आपला म्हातारा बाप आठवला आणि दोघंही रडले. यादवरावांनी पटक्याचं टोक डोळ्यांना लावलं. थोरल्याला आणि (आप्पांच्या आग्रहावरून) तिन्ही भावांना अग्नी मिळाला. सगळा गाव, पाहुण्यांसकट, ओढ्यावर जाऊन आंघोळ करून कडुलिंबाचा पाला चावून आला. आल्यावर यादवराव गाडीवाल्याला म्हणाले, "बैल सोडा. ह्या मायची लेक आमाला पायजे."

आमच्या घरावर धूर निघाला. मी पुरणाच्या वासाकडे निघालो, तर किसनआप्पा न्हाव्याला घेऊन वाटेत उभे.

"अग्नी कुनी दिला?"

"बापानं, आप्पा. मीच वाचलं ना."

"पोथीत बापानं. गावात कुनी?"

दिवेलागणीला सुपारी फुटली तेव्हा मी नवऱ्या मुलीचा भाऊ म्हणून डोकं आणि मिशा भादरून बसलो होतो. यादवरावांनी मला गंध लावलं खरं, पण कपाळ कुठं संपतं ते न सापडल्यानं ते बरंच वर गेलं.

पुढच्या साली दुसरा भाग आला. मी दार लावून वाचला. म्हातारबा खरोखरच गेला होता आणि त्यानं ते हात खरोखरच धरले होते. (मी रचलेले तीन भाऊ मात्र कुणाच्या गावीही नव्हते. ती माणसं मी उगाच मारली.) ते सगळं पहिल्या काही पानांतच संपत होतं. पुढं त्याच कवीचं दुसरं काव्य होतं. त्यात एक राजा वीस वर्षांनी घरी परततो आणि आपल्या बायकोला मागणी घालायला येऊन बसलेले घरभर पाहुणे एका बैठकीत मारून टाकतो.

गोदी पहिलटकरीण म्हणून माहेरी आली होती. तिला भेटायला आलेले यादवराव मला म्हणाले, "दुसरा भाग आला म्हनत्यात. लावा की पोथी. मी ऱ्हातो."

मी मेलेले पाहुणे मनातल्या मनात मोजले, नुकत्याच कुठं जागेवर आलेल्या मिशांवरून हात फिरवला आणि म्हणालो, "न्हाई हो मामा. आजून छापतच हायेत."