शिवलेलं पिलू

चिमणीचं पिलू माझ्या पायाजवळ पडलं तेव्हा मी आधीच चिडलेले होते. पाळी आली म्हणून मला ओसरीवर बाहेर बसवलेलं. जळकोटला उन्हाळ्यात ओसरीचा पत्रा असा तापतो की खाली बसणाऱ्याचं डोकं भणभणतं. तांब्या कधीचा रिकामा झाला होता. आत माठ भरलेला, पण कुणीतरी येऊन वरून पाणी ओतेपर्यंत वाट बघायची. बी.एड. झालेली बाई पाण्यासाठी हाका मारत बसते, हे लिहितानाही माझं डोकं फिरतं.

पिलाला पंख नव्हतेच, नुसते खुंट. घरटं वर पत्र्याखालच्या वाशावर होतं, तिथून बाकीची पिलं ओरडत होती. हे फरशीवर चोच उघडून पडलेलं, आणि भिंतीवर शेजारचा बोका बसलेला.

मी हात पुढं केला तशा सासूबाई दारातून ओरडल्या, "हात लावू नगंस! माणसाचा हात लागला की चिमणी पिलाला जवळ घेत न्हाय, टोचून मारती. अन् तू तर बाहीरची."

नवरा आत कॉटवर मोबाईल बघत लोळत होता. मी हाक मारली, "अहो, एवढं पिलू वर ठेवता का?"

"निसर्गाच्या कामात आपुन पडू न्हाय," मान वर न करता तो म्हणाला. सोयाबीनवर फवारणीमागून फवारणी करणाऱ्या माणसाला नेमका आजच निसर्ग आठवला!

खरं सांगायचं तर सासूबाईंची भीती माझ्याही मनात होती. शिवलेल्या पिलाला चिमण्या मारतात, हे मीही लहानपणापासून ऐकलेलं. मी उचललं आणि आईनंच टोचलं तर? म्हणून हात आवरून बसले. तेवढ्यात बोक्यानं खाली उडी टाकली आणि माझी सटकली. घरात एवढी धडधाकट माणसं, आणि त्या जिवाला उचलायला कुणी नाही!

मी उचललं. मुठीत त्याचं काळीज धडधडत होतं. घरटं उंच होतं, आणि चढायला जवळ एकच गोष्ट होती, पेरणीसाठी राखलेल्या बियाण्याच्या पोत्यांची थप्पी. मी सरळ तिच्यावर चढले.

"अगं, बियाणं बाटवलंस!" सासूबाईंनी कपाळ बडवून घेतलं. "आता उगवंल का ते?"

पिलू घरट्याच्या कडेला ठेवून मी खाली उतरले. सासूबाई गोमूत्राची बाटली आणून पोत्यांवर शिंपडू लागल्या. आता नवऱ्यालाही उठता आलं. "कशाला आईच्या तोंडी लागतीस?" एवढंच म्हणायला तो दारात आला. मी जागेवर जाऊन बसले आणि वर बघत राहिले. चिमणी बाहेर तारेवर बसून होती, येतच नव्हती. मला वाटलं, संपलं, माझ्याच हातानं मेलं ते.

मग ती आली. चोचीत अळी होती. वाशावर थोडी थांबली, वाकली आणि कडेच्या त्या पिलाच्या चोचीत तिनं अळी घातली. सासूबाईंनीही ते बघितलं.

"आत्या, घेतलं की तिनं," मी सासूबाईंना म्हणाले.

"पाखराला काय कळतंय," त्या म्हणाल्या आणि पुन्हा शिंपडू लागल्या.

मी उठले. तांब्या घेऊन उंबरा ओलांडला आणि माठात कोपरापर्यंत हात बुडवला. मागं दोघंही ओरडत होती. तिथंच उभी राहून मी तांब्याभर पाणी प्यायले. आता शिंपडा, म्हटलं, कुठं कुठं शिंपडताय ते.