हरणाची शिंगं

माझ्यावर सर्वांत जास्त उपकार सुमनताईंचे आहेत. जिल्ह्यातली बॅले कंपनी त्यांची. प्रत्येक गावच्या प्रयोगात हरीण मात्र त्याच गावचं पोर असे. आमच्या गावात डोक्यावर कागदी शिंगं घालून ते हरीण मी झालो होतो. "अरे हरणा, पायाकडे काय बघतोस? समोर बघ!" तालमीत ताई ओरडल्या. तसंच समोर बघत मी घरातला पहिला पदवीधर झालो.

काल भंगाराच्या हातगाडीवर तीच कागदी शिंगं दिसली.

"कंपनी बंद पडली, साहेब. न्या पोराला खेळायला," गाडीवाला म्हणाला.

कितीतरी पोरं एका संध्याकाळपुरती ती घालून उंच झाली असतील. आता तशा पोरांना कोण बोलावणार?

घरी येऊन ताईंना पत्र लिहिलं: "शिंगं आणली आहेत. माझ्या डोक्याला ती आता बसत नाहीत. ज्याला बसतील, त्या पोराला घेऊन कुठे जाऊ, तेवढं कळवा."