एका डालग्याखाली
सकाळी खोलीतला उबट, कोंदट वास नाकात शिरला की जाफराबादकडचं आमचं अंगण आठवतं. एका संध्याकाळी मायनं चार कोंबड्या मावतील एवढ्या बांबूच्या डालग्याखाली कोंबड्यांसोबत वाढलेली सगळी पिल्लंही डालली. शेजारची काकू म्हणाली, "अगं, पंख हलवायला तरी जागा ठिव!" माय म्हणाली, "भायेर मुंगूस हाय. दाटीत का होईना, जित्या तर राह्यतीन." सकाळी डालगं उचललं. मुंगूस आलंच न्हवतं. कोंबड्या एकमेकींखाली गुदमरून मेल्या होत्या. माय कितीतरी वेळ डालगं धरून उभी होती. शाळा सोडून कामासाठी इतक्या लांब शहरात आलो, गाववाल्यानं या माणसांनी भरलेल्या खोलीत घेतलं, हे उपकारच. तरी जाग आली की आधी सगळ्यांचा श्वास चालू आहे ना, ते बघतो. काल मायनं फोनवर विचारलं, "जागा पुरती का रं?" म्हणलं, "बराबर पुरती."