हिल्डाने आधी साय लावली

ओकाबेबाईंची मोटार गावात शिरायच्या आत हिल्डा पेन्रोजने टेबलावरचं कापड पुन्हा एकदा बदललं.

"अगं, आता ते कापडच म्हणेल, सोड मला," मी म्हटलं.

"तू गप्प काकडी चिर. पातळ. पलीकडचं दिसलं पाहिजे."

हिल्डा सत्तरीला आली आहे. नवरा मासेमारीला जायचा तेव्हा घराच्या पुढच्या खोलीत चार टेबलं मांडून तिने लोकांना दुपारचा चहा द्यायला सुरुवात केली. नवरा गेला, टेबलं राहिली. गुडघ्यांना शिव्या देत का होईना, चहाबरोबरचे स्कोन, म्हणजे छोटे जाडसर गोल पाव, ती अजून स्वतःच भाजते. माझी लेक केरेन्सा शहरातली बरी नोकरी सोडून तिची भागीदार झाली, तेव्हापासून माझ्या जिवाला घोर आहे. हिवाळाभर खोली रिकामी होती. ओकाबेबाई जपानहून प्रवाशांचे गट आणतात. त्यांना इथला चहा पसंत पडला तर उन्हाळाभर दर गुरुवारी त्यांची बस इथे थांबणार होती. नाहीतर कुलूप लावायचं, असं दोघींनी ठरवलं होतं.

ओकाबेबाई आल्या आणि ताठ बसल्या. हिल्डाने गरम पाण्याने किटली विसळून चहा मुरत ठेवला. केरेन्साने तीन मजली तबक आणलं. खाली सँडविच, मध्ये स्कोन, वर केक. कोपऱ्यात म्हातारा अर्नेस्ट नँकॅरो नेहमीसारखा आपला कप घेऊन बसला होता.

"मला तुमच्या पद्धतीने खायचंय," ओकाबेबाई म्हणाल्या. "दाखवाल?"

हिल्डाला इतका आनंद झाला की ती चक्क गिऱ्हाइकासमोर खुर्ची ओढून बसली. तिने स्कोन हाताने उकलला, त्यावर घट्ट सायीचा मोठा गोळा थापला आणि वर जॅम सोडला.

नँकॅरोने कप बशीत आदळला. आम्हा कॉर्नवॉलच्या माणसांचा आधी जॅम, मग साय. आधी साय लावतात ते नदीपलीकडचे डेव्हनवाले. हिल्डाचं माहेर तिकडचं. लग्नानंतरच्या पहिल्याच रविवारी सासूने हातावर चमचा मारून तिची सवय मोडली होती.

"पन्नास वर्षं आमचं मीठ खाल्लं," नँकॅरो म्हणाला, "आणि पाहुणी आल्यावर हे?"

"आनंद झाला की माझा हात माहेरी जातो."

"मग बाकीचीही जा की त्याच्या मागोमाग."

"तू पावावर आधी लोणी लावतोस की जॅम? लोणी ना? मग?"

"साय म्हणजे लोणी नव्हे, बाई. साय म्हणजे टोपी. टोपी डोक्यावर घालतात, डोक्याखाली नाही."

"तुझ्या डोक्यावर काही ठरेल तर ना."

केरेन्सा पांढरीफटक पडली. "अहो, पाहुण्या बसल्यात," मी पुटपुटले. ओकाबेबाई मात्र एकदा इकडे, एकदा तिकडे मान वळवत होत्या. मग त्यांनी एका अर्ध्यावर आधी साय लावली, दुसऱ्यावर आधी जॅम, आणि दोन्ही सावकाश खाल्ले. आम्ही सगळे त्यांच्या जबड्याकडे बघत राहिलो.

"आमच्या नव्या वर्षाच्या सूपमध्ये तांदळाची वडी असते," त्या म्हणाल्या. "आई म्हणायची ती गोल हवी, सासूबाई म्हणायच्या चौकोनी. दरवर्षी भांडायच्या."

"जिंकलं कोण?" नँकॅरोने विचारलं.

"दोघीही गेल्या. मी अजून दोन्ही करते." त्यांनी कप पुढे केला. "गुरुवारी आम्ही अठराजण येऊ. तुम्ही याच टेबलावर असाल ना?"

"मी रोजच असतो."

"आणि असंच बोलाल?"

"तिने परत असला चावटपणा केला तर बोलणारच."

"ती करेल," केरेन्सा घाईघाईने म्हणाली. टेबलाआड तिने माझा हात इतका घट्ट धरला की बोटं दुखली.

हिल्डा गुडघ्यांना शिव्या न देता उठली. "अर्नेस्ट," ती म्हणाली, "गुरुवारी दाढी करून ये."