पट्टीच्या मशीनवरची नलू

बोईसरच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषधांच्या कंपनीत नलूनं अठरा वर्षं काढली आणि त्यातली निम्मी भांडणात गेली. ती चिंचणीची. नवरा दामू बोटीवर जायचा. एका हंगामात त्याचा खांदा निकामी झाला, तेव्हापासून तो घरी बसून जाळी विणू लागला. नलूनं काही दिवस डोक्यावरून मासळी विकली आणि कंपनीत बायका घेतायत असं कळल्यावर टोपली सोडून आली. बाजारातलं तोंड मात्र बरोबर आणलं. समोर साहेब असो की झाडूवाला, तिचा आवाज तोच.

पॅकिंग खात्यात तेव्हा सगळं काम हातानं. लांब टेबलाच्या दोन्ही बाजूंना बायका बसायच्या, गोळ्या बाटलीत भरायच्या, वर कापूस, मग झाकण, मग चिठ्ठी. एका बाजूला चिंचणी, पाम अशा जवळच्या गावांच्या बायका, दुसऱ्या बाजूला घाटावरच्या. नलूला मुकादम केलं तेव्हा घाटावरच्या बिथरल्या होत्या. त्यांच्यातली एकटी रखमाबाई तिच्या बाजूनं उभी राहिली. ही नगरकडची, नवऱ्याबरोबर कामासाठी इकडे आलेली. तेव्हापासून दोघींचा डबा एकत्र उघडायचा. सुकटीची चटणी रखमाबाई नलूकडूनच शिकली.

सत्त्याऐंशी साली जुन्या मालकानं कंपनी विकली. नव्या मालकांनी गुप्ते नावाचा मॅनेजर पाठवला. गुप्त्यांनी आल्या आल्या नलूला केबिनमध्ये बोलावून सांगितलं, की बाटल्या बंद होणार, गोळ्या आता पट्टीत जाणार, दिवाळीनंतर मशीन येतेय. ज्यांना जमेल त्या राहतील, बाकीच्यांनी घरी जावं. आणि हे बायकांना नलूनं समजावून सांगायचं, कारण त्या तिचं ऐकतात.

"शिकवनार कोन?" नलूनं विचारलं.

वापीहून एक ऑपरेटर येणार होता, आठवडाभरासाठी. नलू म्हणाली, आठवडा तर बायकांची भीती जायलाच लागेल. गुप्त्यांनी पुढची फाईल ओढली.

गोड करून सांगणं नलूला कधी आलंच नाही. तिनं टेबलाशी उभं राहून सांगून टाकलं, की मशीन येतेय, रडून ती थांबायची नाही, शिकायला लागा. झालं. त्या घडीपासून ती साहेबाची माणूस ठरली. तिची जाऊ जमना त्याच टेबलावर बसायची, ती आळीभर सांगत सुटली की नलूनं बायका विकल्या. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत रखमाबाई आपला डबा उचलून पार दुसऱ्या टोकाला जाऊन बसली.

मशीन आली. वापीचा ऑपरेटर हिंदीत ओरडायचा आणि सगळ्यांना 'मच्छीवाली' म्हणायचा, घाटावरच्यांनासुद्धा. एकही बाई मशीनजवळ फिरकेना. नलू एकटी उभी राहिली. पट्टी चिकटवणारे रूळ चांगले तापलेले असत, आणि एकदा तिची बोटं त्यांच्यावर गेली. हात पोटाशी धरून ती तिथंच वाकली. बायका बघत होत्या. एकीनंही पाणी आणलं नाही. जमना तर हसली. नलूनं स्वतःच नळाखाली हात धरला, वर फडकं गुंडाळलं आणि परत मशीनपाशी आली.

त्या दिवशी तिला मशीनपेक्षा बायकांचा जास्त राग आला. त्याच रागात तिनं ठरवलं, की यातली एकही बाई घरी जाऊ द्यायची नाही. जमनाला तर नाहीच. "घरी बसून माझ्या नावानं बोटं मोडायला हिला मोकळी सोडू काय?" असं ती दामूला म्हणाली.

पुढे गुप्त्यांनी पामच्या ठकीला मशीनवर उभी केली. ठकी नुकतीच लग्न झालेली, आवाजानंच दचकायची. तिनं चंदेरी कागदाचा रोल उलटा लावला, बराच माल वाया गेला. ऑपरेटर शिव्या देत तिच्या अंगावर गेला. नलूनं मेन स्विच पाडला आणि स्विचला पाठ लावून उभी राहिली. गुप्ते धावत आले.

"याला शिकवता येत नाय," नलू म्हणाली. "आदी मला पुरती शिकू द्या. मग मी एकेकीला शिकवीन, कामाच्या येळेत, पगारात. तोवर एका बाईला पन मशीनवर ढकलायची नाय."

"कंपनी तू चालवतेस का?"

"खातं मी चालवते. यांना इचारा."

गुप्त्यांनी वळून खरोखरच विचारलं. टेबलावर कुणी मान वर केली नाही. रखमाबाईनं हातातल्या बाटलीत कापसाचा बोळा दाबला आणि पुढची बाटली घेतली. संध्याकाळी नलूला सस्पेंड केलं.

ती घरी आली आणि बोंबील वाळत घालता घालता सगळ्यांचा उद्धार करत राहिली. तिकडे आठवडा संपल्यावर ऑपरेटर वापीला निघून गेला. मशीन नुसती उभी. माल अडकला, मुंबईहून फोनवर फोन यायला लागले. गुप्त्यांना स्वतः येणं कमीपणाचं वाटलं, त्यांनी जमनाला निरोप देऊन पाठवलं. नलूनं परत यावं, आपल्या पद्धतीनं शिकवावं. फक्त मुकादम आता जमना. जमनानं हे दारातच उभं राहून सांगितलं आणि सांगताना तिला हसू आवरत नव्हतं.

दामू म्हणाला, जाऊ नकोस, लाज आहे की नाही. नलू गेली. जाताना एक अट घातली, की मशीन जिला जमणार नाही तिला दुसरं काम द्यायचं, घरी पाठवायचं नाही. गुप्त्यांनी मान हलवली.

मग नलूनं आधी मशीन स्वतः चालवून पुरती समजून घेतली आणि शिकवलं, पण कसं! बंद मशीनवर एकेकीला उभी करून तोच रोल पुन्हा पुन्हा लावायला लावायची. मग मशीन हळू चालवायची, मग नेहमीच्या वेगानं. तोंडाचा पट्टा एकदाही थांबला नाही. "हात हायत का वल्ही?" असं ती जमनाला सगळ्यांसमोर म्हणाली. ठकी रोज रडायची. पण बायका शिकल्या, आणि रुळावर दुसऱ्या कुणाचं बोट भाजलं नाही. कुणी तिचे आभार मानले नाहीत, तिला ते नकोही होते.

रखमाबाईला मात्र जमेना. तिचे डोळे अधू झाले होते, पट्टीतली रिकामी खोबण तिला दिसायचीच नाही. नलूला हे पहिल्या दिवशीच कळलं होतं. तरी तिनं कितीतरी दिवस तिला उभी करून बघितलं, आणि तेवढ्या बाईला कधी वाकडा शब्द बोलली नाही. शेवटी गुप्त्यांकडे जाऊन अटीची आठवण करून दिली. गुप्त्यांनी रखमाबाईला खोक्यांच्या गोदामात टाकलं, वर खात्याची झाडलोट.

रखमाबाई सरळ मशीनपाशी आली. "इतकी वर्सं टेबलावर काढली, अन् तू माझ्या हातात झाडू दिलास?"

"नायतर घरी गेली असतीस."

"गेले असते. माझी मी गेले असते. तुला कुणी इचारलं व्हतं?"

नलूनं खरंच विचारलं नव्हतं.

रखमाबाईनं झाडू घेतला, कारण घरात दुसरी मिळकत नव्हती. पण नलूशी ती परत बोलली नाही. झाडताना नलूच्या पायाशी आली की पाय उचल म्हणायची नाही. पायाभोवतीनं झाडून पुढे जायची. नलूही पाय हलवायची नाही.

त्र्याण्णव साली दामू गेला. कंपनीतल्या बायका चिंचणीला भेटायला आल्या, त्यांच्यात रखमाबाईही होती. ती दाराशी बसली. चहा घेतला नाही, नलूकडे बघितलंही नाही. बाकीच्या निघायच्या गडबडीत असताना तिनं परसात जाऊन खरकट्या भांड्यांचा ढीग घासून उपडा घातला आणि पदराला हात पुसत त्यांच्यामागून निघून गेली. नलूला वाटलं, आता बोलेल. पुन्हा कामावर गेल्यावर तिनं स्वतःच हाक मारून पाहिली. रखमाबाई खोकी मोजत राहिली.

दोन वर्षांनी नलूनं काम सोडलं. रखमाबाई कंपनीत पुढेही काही काळ होती. तिच्याबद्दल कुणी वाकडं बोललं तर नलू त्या माणसाला दारातून घालवून द्यायची. रखमाबाई मात्र शेवटपर्यंत नलूबद्दल वाईटच सांगत राहिली, आणि ते नलूच्या कानावर यायचं.