दमानेसाहेबांचा शेवटचा भक्त

विशाल खिल्लारेला मी तो सहावीत असल्यापासून ओळखते. गोवंडीच्या महापालिकेच्या शाळेत मी पीटीची बाई होते. नाव रत्नप्रभा घाडी, पण ते मस्टरपुरतं. पोरं मला नुसतं 'बाई' म्हणायची, आणि पाठीमागे काय म्हणायची तेही मला ठाऊक आहे. तोंड माझं पहिल्यापासून असंच. शाळेच्या मागच्या भिंतीला मी भांडून बास्केटबॉलची एक रिंग ठोकून घेतली होती आणि तिच्याखाली हा हडकुळा पोरगा मधली सुट्टी संपली तरी उभा असायचा. डबा खायचा नाही. हाकलला तरी जायचा नाही. तेव्हाच मला कळायला हवं होतं की ह्याला एका जागी उभं राहायची सवयच आहे.

आज तो चौतिशीचा आहे. मुलुंडच्या एका खाजगी शाळेत खेळाचा शिक्षक. शाळेचा बास्केटबॉलचा संघ त्याने शून्यातून उभा केला, कपाटभर ढाली आणल्या. सगळे त्याला 'सर' म्हणतात. पण हा सर आठ वर्षं झाली तासावर आहे. तासावर म्हणजे घेतला तास तर पगार, नाहीतर हरी हरी. दिवाळीत सुट्टी, पगाराला सुट्टी. मे महिन्यात तर विचारूच नका. आणि दर एप्रिलला संस्थेचे सेक्रेटरी खांद्यावर हात ठेवून सांगतात, "खिल्लारे, जूनमध्ये तुमचं कायम करून टाकू." ह्या माणसाने इतके जून पाहिले, पण तो जून काही आला नाही.

आमची गाठ रोज सकाळी घाटकोपरला पडते. मी राहते त्या गल्लीच्या टोकाला पालिकेचं उद्यान आहे, त्यात बास्केटबॉलचं एक कोर्ट आहे, एका रिंगला जाळी आहे, दुसऱ्या रिंगला नाही. अमेरिकेतल्या मॅचा आपल्याकडे सकाळी दिसतात. देवेश म्हणून एक मुलगा आहे, अंधेरीला कॉम्प्युटरच्या ऑफिसात आहे, तो टॅब घेऊन येतो आणि पायरीवर टेकवून ठेवतो. मी चहाचा थर्मास आणते. विशाल गोवंडीहून सायकल मारत येतो आणि इथूनच पुढे शाळेला जातो. रिटायर झाल्यापासून माझ्या आयुष्यात एवढीच मजा उरली आहे, कारण गुडघे गेले आणि सुनेशी बोलण्यासारखं काही नसतं.

आम्ही तिघं एकाच टीमचे. कुठली ते सांगत नाही, नजर लागायला आता काही शिल्लक नाही तरीपण. टीम वर्षानुवर्षं हरते. का हरते, तर तिच्या जनरल मॅनेजरमुळे. हा माणूस खेळत नाही, शिकवतही नाही. कुठला खेळाडू आणायचा, कुठला द्यायचा, हे तो ठरवतो. तिकडे रीत अशी की जी टीम खाली राहते तिला नवीन पोरं निवडायची संधी बहुधा आधी मिळते. म्हणून हा बाबा चांगला चालता खेळाडू उचलून दुसऱ्याला द्यायचा आणि बदल्यात उद्याची पोरं मागायचा. पत्रकारांनी विचारलं की म्हणायचा, घाई नाही, दमानं घेऊ. मी त्याचं नाव 'दमाने' ठेवलं. मग देवेश 'दमानेसाहेब' म्हणायला लागला आणि तेच राहिलं.

ह्या दमानेवरून आमची रोज जुंपायची. देवेश हवामानासारखा, आज इकडे, उद्या तिकडे. पण विशाल म्हणजे दमानेचा कट्टर भक्त.

"बाई, इमारत बांधताना पाया दिसतो का कोणाला?" तो म्हणायचा. "पोरं वीस-एकवीसची आहेत. तीन वर्षं थांबा फक्त."

"तीन वर्षांपूर्वीपण तू हेच म्हणाला होतास रे मेल्या."

"तेव्हाची पोरं वेगळी होती."

"तेच तर म्हणते मी. पोरं बदलतात, तीन वर्षं तशीच. आणि तो कॅप्टन? सगळी उमेद त्याने ह्या टीममध्ये घातली. दमान्याची पोरं मोठी होतील तेव्हा तो कुठे असेल? घरी बसून गुडघ्याला तेल चोळत असेल, माझ्यासारखा."

"त्याला कळतंय बाई. म्हणून तर सोडत नाही तो. इतकी वर्षं घातल्यावर कोण सोडेल?"

हे बोलताना तो माझ्याकडे बघायचा नाही. टॅबकडे बघायचा. आणि मला राग यायचा तो दमानेचा नव्हे, ह्याचा. वाटायचं, उठून दोन द्याव्यात ठेवून.

मेच्या सुरुवातीला एके दुपारी त्याची बायको शीतल माझ्या घरी आली. सोबत त्यांची मुलगी यशोधरा, पाच वर्षांची. तिच्या छातीत सतत घरघर. डंपिंग ग्राउंडच्या बाजूला त्यांची खोली, वारा फिरला की वास आणि धूर घरात, म्हणून भर उन्हाळ्यात ते खिडकी लावून बसतात. एक खोली, त्यात चार माणसं, विशालची आईपण त्यातच. वाफ द्यायचं मशीन टीव्हीच्या शेजारी कायमचं मांडलेलं. डॉक्टरने कितीदा सांगितलं की हवा बदला. हवा बदला म्हणायला काय जातं त्याचं.

शीतल पाणी प्यायली आणि सरळ मुद्द्यावर आली. नाशिकच्या पुढे एक निवासी शाळा आहे. तिथल्या मुख्याध्यापकांनी विशालचा संघ एका स्पर्धेत बघितला आणि त्याला बोलावलं. जागा कायम. राहायला क्वार्टर, दोन खोल्या, पुढे अंगण. शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं.

"मग अडलंय कुठे?" मी विचारलं.

"तो म्हणतो, जूनमध्ये इथे होईल. बाई, मी भांडून बघितलं, अबोला धरून बघितला. तुमचं ऐकतो तो. तुम्ही एकदा बोला ना."

यशोधरा माझ्या भिंतीवरचा जुना फोटो बघत होती, शाळेच्या संघाचा. "ह्यात पप्पा कुठे?" तिने विचारलं. मी दाखवला. एका टोकाला उभा, हातात चेंडू. मी शीतलला म्हटलं, उद्याच बोलते.

दुसऱ्या दिवशी सकाळी देवेशने टॅबवर दमानेची पत्रकार परिषद लावली होती. टीम पुन्हा शेवटून दुसरी आली होती आणि पत्रकारांनी त्याला घेरलं होतं. तो हसत होता. म्हणाला, "लोकांची चिडचिड मला कळते. पण जे उभं करतोय ते अर्धवट सोडून मी कुठेही जाणार नाही. विश्वास ठेवा." देवेशने आम्हाला मराठीत सांगायची गरज नव्हती, तरी सांगितलं. विशालने ते वाक्य परत लावायला लावलं.

"बघा," तो म्हणाला.

मी थर्मासचं झाकण लावलं. "विशाल, शीतल आली होती काल."

 देवेश टॅब उचलून पलीकडे गेला, तेवढी अक्कल आहे त्याला.

"जा तू नाशिकला. माझं ऐक. इथे काही होत नाही. होणार असतं तर आठ वर्षांत झालं असतं. त्या पोरीची छाती ऐकलीस का तू?"

"रोज रात्री ऐकतो बाई."

"मग?"

बराच वेळ तो बुटाची नाडी सोडत आणि बांधत बसला. मग म्हणाला, "मी गेलो आणि जूनमध्ये इथे झालं तर? माझ्या जागेवर दुसरा कोणी येऊन बसेल. म्हणजे आठ वर्षं लाईन मी धरली आणि माल दुसऱ्याने नेला. सेक्रेटरींनी ह्या वेळी स्वतः सांगितलंय, फाईल वर गेली आहे. आता नंबर आला असताना लाईन सोडू?"

"नंबर आलाय हे सांगितलं कोणी तुला?"

"विश्वास ठेवायला लागतो ना बाई कोणावर तरी."

मी खूप बोलले. दमानेला शिव्या घातल्या, सेक्रेटरीला घातल्या, त्यालाही घातल्या. सहावीतला असता तर कान धरून स्टेशनवर नेऊन सोडला असता. पण तो चौतीस वर्षांचा बाप माणूस, आणि मला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसत होतं की ह्याला जायचं आहे. पाय निघत नव्हता. जितकी जास्त वर्षं अडकला तितकं सुटणं महाग झालं होतं त्याला.

शनिवारी संध्याकाळी शीतलचा फोन आला. "काहीच कळवलं नाही त्याने," ती म्हणाली. रडली वगैरे नाही. एवढंच म्हणाली, "मी तिथल्या मॅडमना खिडक्यांची मापं विचारून ठेवली होती, पडद्यांसाठी."  मी विचारलं, यशू जेवली का. हो म्हणाली, आणि ठेवला फोन.

त्यानंतर आठवडाही गेला नसेल. मी कोर्टवर पोचले तर देवेश पायरीवर बसलेला आणि टॅब पालथा. म्हणाला, "बाई, वाट लागली. दमानेसाहेब गेले."

"मेला?"

"नाही हो. टीम सोडली. दुसऱ्या टीमने बोलावलं, अध्यक्ष म्हणून. समुद्रकिनाऱ्याचं शहर, तयार टीम, मागच्या वर्षी फायनलला होती. निवेदन आलंय, म्हणतात, अशी संधी पुन्हा येत नाही, ती घेतलीच पाहिजे." त्याने इकडेतिकडे बघितलं. "विशालला कसं सांगायचं?"

माझी गंमत बघा. इतकी वर्षं मी ह्याच दिवसाची वाट बघत होते, की दमाने तोंडावर पडेल आणि मी विशालला म्हणेन, बघ, सांगत होते ना. आणि आता सायकलची घंटा ऐकू आली तर मी थर्मास उघडून चहा ओतायला लागले.

विशालने उभ्याउभ्या वाचलं. मग बसून पुन्हा वाचलं. टॅब देवेशच्या हातात दिला आणि म्हणाला, "संधी आली की घ्यायला पाहिजे, असं म्हणाला?"

"हो," देवेश म्हणाला.

"तिकडे त्याची पोरं शाळेत असतील ना. त्यांचापण विचार केला असेल त्याने."

मग त्याने खिशातून फोन काढला. आमच्यासमोरच नाशिकला लावला. मी मनात देवाचं नाव घेतलं, तो घेत नाही म्हणून त्याच्या वाटचंही मीच घेतलं. पलीकडचा माणूस सज्जन असावा, आवाज मोठा होता, आम्हाला ऐकू येत होता. "सर, तुमचं नाव आम्ही पहिलं धरलं होतं," तो म्हणाला. "शनिवारनंतर दोन दिवस वाटपण बघितली. मंगळवारी भरली जागा. तुम्ही आधी सांगायला हवं होतं सर."

"चालेल, चालेल," विशाल म्हणाला. दोनदा म्हणाला. "काही हरकत नाही."

फोन ठेवून त्याने चेंडू घेतला आणि बिनजाळीच्या रिंगकडे गेला. शाळेला सुट्टी होती, त्याला कुठे जायचं नव्हतं. ऊन डोक्यावर येईपर्यंत तो टाकत राहिला. देवेश ऑफिसला गेला, मी पायरीवर बसून राहिले. शेवटी माळी पाणी मारायला आला आणि त्याने आम्हा दोघांना बाहेर काढलं.

शाळा सुरू झाली तेव्हा मी काही विचारलं नाही. विचारायचं कशाला, त्याच्या चालण्यावरून कळत होतं. दोन-तीन दिवसांनी त्याने आपणहून सांगितलं. चहाचा कप हातात घेऊन, अगदी सहज, मॅचचा स्कोअर सांगावा तसं.

"फाईल परत आली बाई. कसलीतरी सही राहिली होती. तासावरच आहे ह्या वर्षीपण. पुढच्या जूनला नक्की म्हणाले सेक्रेटरी."

देवेशने खाली बघितलं. मी म्हटलं, "यशू कशी आहे?"

"बरी आहे. पाऊस लागला की धूर कमी होतो." त्याने एक घोट घेतला. मग जरा उत्साहाने वळला. "ते सोडा. आपला नवीन मॅनेजर बघितला का? काल पहिल्यांदा बोलला. शहाणा वाटतो. म्हणाला, सगळं पहिल्यापासून बांधायचं, पाच वर्षांचा प्लॅन आहे. लोक लगेच ओरडायला लागले, पण मला विचाराल तर त्याला वेळ दिला पाहिजे. काय बाई? द्यायला पाहिजे ना?"

देवेश माझ्याकडे बघत होता, आता बाई सुटणार म्हणून. जिभेवर होतंही सगळं. पाच वर्षं, म्हणजे हा एकोणचाळीसचा, आणि यशोधरा दहाची. पण विशाल माझ्या तोंडाकडे बघत होता, सहावीत बघायचा तसा, चेंडू मागताना.

"हो रे," मी म्हटलं. "द्यायला पाहिजे."

आणि थर्मासमधला उरलेला चहा त्याच्या कपात ओतला.